धागा: प्रतिज्ञापत्र ऑनलाइन आहे म्हणजे नक्की काय आहे?

रंकाळवेस

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलोच. आपल्या कोल्हापूर महापालिकेची निवडणूक १५ जानेवारी २०२६ ला झाली, त्याच्या आधीची १ नोव्हेंबर २०१५ ला. मधली पाच वर्षं तर प्रशासकच होता. म्हणजे दहा वर्षांनी उमेदवारांनी परत एकदा प्रतिज्ञापत्रात लिहून दिलं की माझ्याकडं एवढी जमीन, एवढं सोनं, एवढं कर्ज. आमच्या भागातला एकजण दोन्ही वेळेला उभा होता. त्याच्या २०१५ च्या प्रतिज्ञापत्राची प्रिंट मी तेव्हाच काढून ठेवलेली, आताचं मिळवलं, आणि रात्री जेवण झाल्यावर दोन्ही समोर घेऊन बसलो.

दोन तास गेले आणि मला धड एक पान जुळवता आलं नाही. २०१५ चं हातानं लिहिलेलं. आताचं टाइप केलेलं, पण स्कॅन करताना पान तिरकं गेलंय आणि डाव्या बाजूला काळी सावली. शेतजमिनीच्या रकान्यात आधी तीन ओळी होत्या, आता चार आहेत. चौथ्या ओळीत रि.स.नं., म्हणजे जमिनीचा सर्व्हे नंबर, लिहिलाय आणि बरोब्बर त्याच्यावर नोटरीचा गोल शिक्का बसलाय. ४१२ आहे का ४७२ आहे, मोबाइलवर झूम करकरून बघितलं, शेवटी बायकोला दाखवलं तर ती म्हणाली ४९२. त्याच्या पुढच्या रकान्यात जमीन वारसानं आली का खरेदीनं तेही शिक्क्याखाली गेलंय.

आणि फाइलमध्ये शोधायला गेलं तर काहीच सापडत नाही, कारण तो नुसता फोटो आहे. मग हे ऑनलाइन कशाला म्हणायचं? पूर्वी कागद नोटीस बोर्डवर लावायचे, आता त्याचा फोटो साइटवर लावलाय, एवढाच फरक झालाय. मला कुणाला चोर म्हणायचं नाही हे आधीच सांगतो. पण दहा वर्षांत काय बदललं एवढं साधं बघायला सामान्य माणसाला दोन रात्री लागत असतील तर कोण बघणार?

चिखलीकर

भावा अगदी मनातलं बोललास. मी लोकसभेच्या वेळेला बघालतो, तिथं निदान फाइल सापडते लवकर. पण तीच गत, फोटो.

वकीलताई_शाहूपुरी

रंकाळवेस दादा, धागा काढलात बरं केलंत. थोडं कायद्याचं सांगते, कारण हा कागद मुळात कशासाठी आहे हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं.

२ मे २००२ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मतदाराला उमेदवाराची गुन्ह्यांची, मालमत्तेची आणि शिक्षणाची माहिती मिळालीच पाहिजे, तो घटनेच्या कलम १९(१)(अ) मधल्या हक्काचा भाग आहे. सरकारनं लगेच कायदा बदलून त्यातली मालमत्तेची अट पातळ केली, तो बदल कोर्टानं १३ मार्च २००३ ला उडवला. तिथून आजचं प्रतिज्ञापत्र आलं. विधानसभा-लोकसभेला ते नमुना २६ मध्ये असतं आणि आपल्या स्थानिक निवडणुकांनाही त्याच धर्तीवर द्यावं लागतं. नमुना २६ मध्ये स्वतःचं, नवरा किंवा बायकोचं, एकत्र कुटुंबाचं आणि अवलंबितांचं पाच वर्षांचं आयकराचं उत्पन्न लागतं. पाच वर्षांची अट २०१९ पासूनची. उत्पन्नाचा स्रोत सांगायचा ही अट त्याच्या आधी थोडी, आणि १६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात कोर्टानं ती आणखी पक्की केली.

रकाना मोकळा सोडायचा नाही हे २०१३ च्या निकालानं ठरलं. म्हणून तुम्हाला सगळीकडं 'निरंक' आणि 'लागू नाही' दिसतं. पण निवडणूक अधिकारी भरलंय का नाही एवढंच बघतो. आकडा खरा का खोटा हे तपासत बसणं छाननीत होत नाही, तेवढा वेळही नसतो. विधानसभा-लोकसभेला खोटं दिलं किंवा लपवलं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पण तक्रार कोण करणार, तर ज्यानं वाचलंय तो. म्हणजे सगळी तपासणी वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर सोडलीय, आणि कागद वाचता येत नाही. दादांचं दुखणं साधं वाटतं पण सगळं तिथंच अडलंय.

कागलची_पोर

मी सेवा केंद्रात बसते, फॉर्म भरायचं काम माझ्याकडंच असतं, म्हणून दुसऱ्या बाजूचं सांगते.

डिसेंबर २०२२ ला ग्रामपंचायतीचे अर्ज. राज्यात ७,७५१ ग्रामपंचायतींची निवडणूक एकाच दिवशी, १८ डिसेंबरला, म्हणजे सगळ्या राज्याची गर्दी एकाच साइटवर. आमच्याकडं रात्री दीडपर्यंत माणसं, बाहेर मोटरसायकलींची रांग, एक आजी सदस्यपदाला उभ्या होत्या त्या खुर्चीतच झोपलेल्या. मालमत्तेचा भाग भरत आणला की गोल फिरत बसायचं आणि बाहेर फेकून द्यायचं, परत पहिल्यापासून. ओटीपी यायचा तो वेळ संपल्यावर. शेवटी राज्य निवडणूक आयोगानं कागदावर अर्ज घ्यायला परवानगी दिली आणि वेळ साडेपाचपर्यंत वाढवली, २०२० च्या शेवटीपण असंच झालेलं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. आम्ही ते सगळं रकान्यात भरतो की! जमीन वेगळी, घर वेगळं, सोनं वेगळं, कर्ज वेगळं, आकडा आकड्याच्या जागी. मग त्याचीच प्रिंट काढायची, सही करायची, नोटरीकडं जायचं, शिक्का मारायचा, आणि तो कागद परत स्कॅन होणार. म्हणजे रकान्यातली माहिती कुठंतरी आहेच ना? ती आत ठेवून आपल्याला तिचा फोटो का दाखवतात हे मला अजून कळलेलं नाही. दादा तुमचा ४१२ का ४७२ कुणीतरी माझ्यासारखीनं बटण दाबून टाइप केलेला असणार.

रंकाळवेस

ताई हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे माहिती आधी सरळ होती, मग तिचा कागद केला.

वकीलताई_शाहूपुरी

विधानसभा-लोकसभेलाही तसंच आहे. केंद्रीय निवडणूक आयोगाच्या सुविधा पोर्टलवर अर्ज आणि प्रतिज्ञापत्र भरता येतं, पण प्रिंट काढून, शपथ घेऊन, प्रत्यक्ष नेऊनच द्यावं लागतं. शपथपत्र आहे म्हणून सही-शिक्का हवा हे मान्य. पण शिक्क्याचा कागद रेकॉर्डला ठेवा आणि रकान्यातली माहिती जशीच्या तशी खुली करा, याला कुठला कायदा आड येतो असं मला तरी वाटत नाही.

निवृत्त_बाबू

मुलांनो, तुम्ही उमेदवारांचं बोलालाय, ते निदान फोटो तरी दिसतात. आमचं ऐका.

मी एका सरकारी कार्यालयात आस्थापनेला होतो, २०१९ ला सुटलो. कार्यालयाचं नाव सांगत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९, नियम १९. शिपाई वर्ग सोडला तर प्रत्येकानं मत्ता आणि दायित्वाचं विवरणपत्र द्यायचं. दरवर्षी ३१ मार्चची स्थिती ३१ मेपर्यंत. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या टेबलावर पाकिटांचा ढीग. बंद पाकीट, वर नाव, हुद्दा, वर्ष. मी आवक नोंदवहीत नंबर टाकायचा, यादीत नावासमोर 'प्राप्त' लिहायचं आणि कपाटात ठेवायचं. ज्याचं आलं नाही त्याला स्मरणपत्र, दुसरं स्मरणपत्र. इतकंच काम.

पाकीट उघडायचं नाही. चौकशी लागली तरच उघडायचं. माझ्या एवढ्या नोकरीत दोनदा उघडलेलं बघितलं. एकदा कपाट हलवताना खालच्या खणातली पाकिटं ओलीनं एकमेकांना चिकटलेली निघाली, पावसाळ्यात भिंत पाझरायची त्या बाजूला कपाट होतं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. शाई पसरून निळा डाग झालेला. ज्या माणसाची होती त्यातले निम्मे निवृत्त, दोघे वारलेले. मी ती पाकिटं उन्हात पसरली, गच्चीवर, वर दगड ठेवून. साहेब म्हणाले कशाला एवढा त्रास घेता. मी म्हटलं साहेब, माणसानं लिहून दिलंय ते.

मला त्याचंच वाईट वाटायचं. बरेच जण प्रामाणिकपणे लिहायचे. बायकोच्या मंगळसूत्राचं वजनसुद्धा लिहिणारे बघितलेत मी, पाकीट बंद करायच्या आधी मलाच विचारायला यायचे, रकाना कुठला म्हणून. त्यांच्या त्या खरेपणाला कुणी वाचणाराच नव्हता. आणि ज्यानं खोटं लिहिलं त्यालाही.

चिखलीकर

काका वाचून गप्प बसलो दोन मिनिटं.

नाव_नको_सध्या

मी सध्या नोकरीत आहे म्हणून नाव देत नाही. तुमच्या सगळ्यांच्या भावना समजतात पण आमचीही बाजू ऐका. माझं विवरणपत्र उद्या साइटवर आलं तर पहिल्यांदा कोण वाचणार? ज्याचं अतिक्रमण मी काढलंय तो. ज्याचं बिल मी अडवलंय तो. माझ्या ओळखीत एका अधिकाऱ्याच्या घरी अशा लोकांनी चकरा मारल्यात, फ्लॅट कुठून घेतला ते पेपरला देतो म्हणून. फ्लॅट कर्जावरचा होता. तालुक्याच्या गावात राहतो आम्ही, मुलगी शाळेत सायकलवरून जाते. सोनं किती आणि घर कुठं हे एकत्र एका पानावर लिहून जगाला दाखवायचं, ते धोक्याचं नाही का?

ऑनलाइन भरायला माझी काहीही हरकत नाही, उलट मी तर म्हणतो कराच, दरवर्षी तेच तेच परत लिहायचा वैताग तरी जाईल, मागच्या वर्षीचं आपोआप येईल आणि बदललं तेवढंच भरायचं. पण भरणं आणि दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या तुम्ही एकत्र करालाय.

वकीलताई_शाहूपुरी

साहेब, तुमचं म्हणणं कोर्टानंही मानलंय. गिरीश देशपांडे प्रकरणात ऑक्टोबर २०१२ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सरकारी नोकराची मालमत्ता ही माहिती अधिकाराच्या ८(१)(ञ) खाली वैयक्तिक माहिती आहे, व्यापक जनहित दाखवलं तरच द्यायची. आता २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं ते कलमच बदलून आखडतं केलंय, जनहिताचा मुद्दा मांडायला ८(२) उरलंय. त्यामुळं अर्ज टाकून मिळवायचा रस्ता आणखी अवघड झालाय.

पण दुसरीकडं बघा. सनदी अधिकाऱ्यांना स्थावर मालमत्तेचं विवरण दरवर्षी ३१ जानेवारीपर्यंत द्यावं लागतं, २०१७ पासून ते स्पॅरो नावाच्या प्रणालीत ऑनलाइन भरतात, आणि ती विवरणं कार्मिक विभागाच्या साइटवर लोकांना बघता यायची सोयही झालेली. बिहारनं २०११ पासून मंत्र्यांचीच काय, कर्मचाऱ्यांचीही मालमत्ता साइटवर टाकली. आणि ५ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाच्या ३३ पैकी २१ न्यायाधीशांची मालमत्ता कोर्टाच्या साइटवर आली. सगळ्यात मोठ्या खुर्चीवरचा माणूस दाखवू शकतो, तर कुणी किती दाखवायचं यावर बोलायला जागा आहे. एकदम शून्य आणि एकदम सगळं असे दोनच पर्याय नाहीत.

राजारामपुरी_ते_जर्सी

मी मूळचा राजारामपुरीचा, इकडं अमेरिकेत बारा वर्षं आहे. नाव_नको साहेबांनी काढलेला प्रश्न इकडं अगदी असाच आला होता म्हणून लिहितो.

इथं १९७८ च्या कायद्यापासून खासदार, मोठे अधिकारी, न्यायाधीश यांना दरवर्षी विवरण द्यावं लागतं. पण त्यात नेमका आकडा लिहायचा नसतो, पट्टा निवडायचा असतो. एक हजार एक ते पंधरा हजार डॉलर हा एक पट्टा, पंधरा हजार एक ते पन्नास हजार हा पुढचा, असं वर चढत जातं. स्वतः राहतो ते घर भाड्यानं दिलेलं नसेल तर अधिकाऱ्यांना बहुतेक वेळा लिहावंच लागत नाही. म्हणजे लोकांना हितसंबंध दिसतो, घरात काय ठेवलंय ते दिसत नाही.

२०१२ ला स्टॉक ॲक्ट झाला. काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, सदस्यानं शेअर घेतले-विकले तर कळल्यापासून ३० दिवसांत आणि व्यवहारापासून ४५ दिवसांच्या आत सांगायचं, आणि सगळं ऑनलाइन, शोधता येईल असं. त्यात हजारो वरिष्ठ कर्मचाऱ्यांची विवरणंही साइटवर यायची होती. त्यांनी हेच मुद्दे काढले, सुरक्षेचे, कुटुंबाचे. एप्रिल २०१३ ला चर्चाच न करता काँग्रेसनं कायदा बदलला आणि कर्मचाऱ्यांचं साइटवर टाकणं रद्द केलं. त्या गडबडीत शोधता येईल अशी माहिती करायची अटपण ढिली झाली, जिचा सुरक्षेशी काही संबंध नव्हता! सिनेटमध्ये आता बहुतेक जण ऑनलाइन भरतात, ते सरळ वाचता येतं, पण कुणी कागदावर दिलं की त्याचं पान फोटो म्हणूनच दिसतं. रंकाळवेस, तुमच्यासारखे झूम करणारे इथंही आहेत.

वकीलताई_शाहूपुरी

युक्रेनचं पण वाचण्यासारखं आहे. त्यांनी २०१६ ला इलेक्ट्रॉनिक घोषणापत्र चालू केलं, पहिल्या टप्प्यातच लाखाच्या वर अधिकाऱ्यांनी भरलं आणि ते सगळं उघडं, संगणकाला वाचता येईल असं. घरात रोख किती ठेवलीय हे वाचून लोक हादरले. २०२० मध्ये त्यांच्या घटना न्यायालयानं त्यातला मोठा भाग उडवला, मग परत आणावा लागला. युद्ध लागल्यावर ते बंद झालं. सप्टेंबर २०२३ मध्ये संसदेनं भरणं परत चालू केलं पण लोकांना दाखवणं आणखी वर्षभर बंद ठेवायचं ठरवलं. लोकांनी ऑनलाइन अर्जावर सह्या केल्या, हजारोंनी, एका दिवसात, आणि राष्ट्राध्यक्षांनी तो कायदा परत पाठवला. डोक्यावर बॉम्ब पडत असताना लोकांना हे महत्त्वाचं वाटलं.

नाव_नको_सध्या

पट्टा पद्धत मला चालेल. मनापासून सांगतो. घराचा पत्ता झाकला, खाते नंबर झाकला, सोनं पट्ट्यात दाखवलं, तर मी उद्या भरायला तयार आहे. निवृत्त काका म्हणाले ते लागलं मला. मीपण दरवर्षी खरंच लिहितो.

करवीरचा_शेतकरी

शहरातल्या माणसांना सांगतो, तुम्ही रकाने रकाने म्हणालाय पण जमिनीचा रकाना एवढा सोपा नाही. आमच्याकडं सातबारा सामाईक. चार भाऊ, दोन बहिणी, चुलत्याचं नाव अजून हाय त्यावर, वारस नोंद राहिलीय. वाटणी तोंडी, बांध घालून तीस वर्षं झाली, कागदावर सगळे एकत्र. मी गावात सदस्य म्हणून उभा होतो तेव्हा फॉर्म भरणारा पोरगा विचारतोय क्षेत्र किती. आता काय सांगू? सातबाऱ्यावर दोन हेक्टर दिसतंय, माझ्या वाट्याला येतंय तेहतीस गुंठे. सगळं लिहिलं तर उद्या म्हणणार बघा केवढा जमीनदार, वाट्याचं लिहिलं तर म्हणणार लपवलं. शेवटी 'सामाईक' असं पुढं हातानं लिहिलं, तर कॉम्प्युटरमध्ये तसं लिहायला जागाच नव्हती.

किंमतीचंही तसंच. चालू बाजारभाव लिहा म्हणतोय. रेडी रेकनरचा सरकारी भाव लिहू का रस्त्याकडंची गेली त्या भावाचा? दोघांनी दोन लिहिले की तुलना कसली करणार तुम्ही.

कागलची_पोर

दादा हे शंभर टक्के खरं. मला रोज भेटतं हे. सामाईक आहे का हो-नाही, स्वतःचा हिस्सा किती, एवढे दोन रकाने वाढवले तरी निम्मी भांडणं मिटतील. आणि किंमतीच्या खाली 'कशावरून' हा एक. गाव, गट किंवा रि.स.नं. टाकला की क्षेत्र सातबाऱ्याच्या रेकॉर्डमधून आपोआप यायला पाहिजे. डिजिटल सातबारा पंधरा रुपयांत मिळतोय की सगळ्यांना, मग तेच रेकॉर्ड फॉर्मला का जोडत नाहीत? शहरातल्यांचा सि.स.नं., म्हणजे सिटी सर्व्हे नंबर, आणि प्रॉपर्टी कार्डपण तसंच.

निवृत्त_बाबू

पोरी, तू आमच्या टेबलावर असायला पाहिजे होतीस.

रंकाळवेस

मंडळी, अपडेट देतो. धागा वर गेला म्हणून आधी लिहिणार होतो पण खात्री करून मग लिहावं म्हटलं.

मी अर्ज करून मूळ प्रतिज्ञापत्राची नक्कल घेतली. शिक्का मुळात फिकट आहे, स्कॅनमध्ये काळा झालेला. नंबर ४७२ निघाला. मग गावाचं नाव आणि नंबर टाकून सातबारा काढला, फेरफारचा उताराही त्याच साइटवर मिळाला. २०१७ ची वारस नोंद आहे. त्याचे वडील वारले त्या साली, हे मलाही आठवलं मग, मी मयताला गेलो होतो पंचगंगेवर. जमीन वारसानं आलीय आणि प्रतिज्ञापत्रात तसंच लिहिलंय, शिक्क्याखाली.

मी तीन आठवडे त्या माणसाबद्दल मनात शंका धरून होतो. परवा चहाच्या गाड्यावर भेटला तर मी नीट बोललो नाही त्याच्याशी. खोटं नव्हतंच काही. नंबर सरळ दिसला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं.

नाव_नको_सध्या

हेच. खुलं असलं तर आमच्यासारख्याचीही बाजू राहते, हे मला आजपर्यंत असं दिसलं नव्हतं.

कागलची_पोर

मी एक शीट केलीय. आपल्या ८१ जागांवर निवडून आलेल्यांची प्रतिज्ञापत्रं टाइप करूया. रकाने असे ठेवलेत: प्रभाग, जमीन गाव, गट किंवा रि.स.नं., सि.स.नं., क्षेत्र, सामाईक आहे का, हिस्सा, कशी आली, कधी आली, किंमत, कशावरून, कर्ज, सरकारी देणी. घराचा पत्ता, फोन, पॅन आणि खाते नंबर टाकायचे नाहीत, हे पक्कं. वाचता आलं नाही तिथं अंदाज करायचा नाही, 'वाचता येत नाही' असंच लिहायचं. प्रत्येक पान दोघांनी वेगवेगळं टाइप करायचं आणि मग जुळवायचं. एकूण २० प्रभाग, १९ चारचे आणि एक पाचचा. कोण कुठला घेणार ते खाली लिहा.

चिखलीकर

मी एक आणि दोन घेतो. रात्री दहानंतर बसतो.

वकीलताई_शाहूपुरी

माझ्याकडं तीन द्या. आणि टाइप करून झाल्यावर, रकान्यातली माहिती खुली करा म्हणून आयोगाला द्यायचं निवेदन मी लिहीन, कागलच्या ताईंनी सांगितलेले रकाने त्यात घालते.

निवृत्त_बाबू

हाताचं अक्षर असलेली सगळी माझ्याकडं पाठवा. मला वाचता येतं.